नाकावरची लव

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या बढाया ऐकत केस कापून घ्यायचे, हा माझा जुना नाद. आरशामागे त्याने स्वतः उकळलेल्या तेलाची बाटली असायची. "दगडावरही केस उगवतील," म्हणायचा.

"मग तुझ्या टकलावर का नाही?"

"मी दगड वाटलो का तुम्हाला?"

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचंही टक्कल चकचकीत. तीन महिने तेल चोळल्यावर त्याच्या कपाळावर पांढरी, रेशमासारखी लव आली आणि न्हाव्याने गल्ली डोक्यावर घेतली. आम्ही रिकामटेकडे बघून आलो. मीच म्हणालो, "साठीत तान्हं बाळ झालात की!"

एका बुधवारी सकाळी न्हावी मेहुण्याची दाढी करत असताना दारातलं ऊन त्याच्या तोंडावर पडलं. नाकाच्या शेंड्यावर लव. पापण्यांवर लव. कानांवरही. वस्तरा थांबला. तेल तर टाळूला लावलं होतं. नाकाला कुणी लावलं?

"दादा, हल्ली चहा नको का म्हणता?"

"जीभ पोळते हो, दाजी. महिना झाला."

दुपारी न्हावी एकटाच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "या वयात अशी लव अचानक आली, जीभही पोळायला लागली, तर कधी कधी आत कुठेतरी कॅन्सर लपलेला असतो. नसेलही. पण तपासायलाच हवं. त्यांना लगेच घेऊन या."

परतताना तो घड्याळाच्या दुकानावरून तीनदा गेला. आत जायचा धीर होईना.

संध्याकाळी मेहुणाच आला. भरल्या दुकानात न्हाव्याने बाटली बेसिनमध्ये उपडी केली. "तेलाने काही झालेलं नाही. मी थापा मारल्या. दादा, उद्या डॉक्टरकडे चला." आम्ही हसलो. मग मी न्हाव्याचा चेहरा बघितला आणि हसायचा थांबलो.

आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. भेटायला म्हणून, खरं तर बातमी आणायला. पोटावरचे केस काढायला आलेल्या माणसाला न्हाव्याने बाजूला केलं होतं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला खरचटलं नव्हतं. तोच हात आज वस्तरा पोटाला टेकवत नव्हता.

मेहुणा म्हणाला, "दाजी, घड्याळ उघडलं की मी आधी श्वास रोखतो, हात स्थिर राहतो. घाबरताय कशाला?"

"मी कुठे घाबरलोय?"

"मग पोटापर्यंत पोचा की. केव्हाचे हवाच भादरताय."

न्हाव्याने श्वास रोखला. मीही.