रथ, फ्लायओव्हर आणि टीओआरवरची आमची टिप्पणी

"हे पान काढून टाका," केतकर सर म्हणाले. "सरळ लिहा, टीओआर उत्तम आहे, आमची काही सूचना नाही. सगळे तेच लिहितात."

बिड दुसऱ्या दिवशी अपलोड करायची होती. आणि नेमकं तेच पान मी सगळ्यात मन लावून लिहिलं होतं.

आधी आमचं काम काय ते सांगते. सरकारला रस्ता किंवा पूल बांधायचा असला की त्याचं डिझाइन करायला सल्लागार कंपनी नेमतात. त्यासाठी टेंडर निघतं, आणि आमच्यासारख्या कंपन्या त्याला जो प्रस्ताव पाठवतात ती बिड. ती लिहिणं हे माझं काम. मी सिव्हिल इंजिनिअर, पण सिमेंटपेक्षा कागदाशीच माझा जास्त संबंध आलाय. बिडचे दोन भाग असतात, एक तांत्रिक आणि एक किमतीचा. डिझाइनच्या कामात तांत्रिक भागाच्या मार्कांना किमतीपेक्षा जास्त वजन असतं. त्या भागात एक पान टीओआरवरच्या टिप्पण्यांचं. टीओआर म्हणजे सल्लागाराकडून नेमकं काय करून हवंय, त्याचं खात्यानेच लिहिलेलं वर्णन. त्यावर तुमचं मत काय, असं खातं रीतसर विचारतं. आणि धंद्यातला रिवाज असा की मत कुणीच देत नाही. लग्नघरी "जेवण कसं झालं?" विचारल्यावर आपण जे उत्तर देतो, तेच सगळे देतात.

हे टेंडर होतं बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या पुढच्या एका गावातून जाणाऱ्या स्टेट हायवेचं. गावातल्या चौकात ट्रॅफिक तुंबतो, तिथे फ्लायओव्हर डिझाइन करा, असं टीओआर म्हणत होता. केतकर सर आणि मी साइट बघायला गेलो. सर आमच्या ऑफिसचे हेड, पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, राहायला इथल्या नव्या वस्तीत, एचएसआर लेआउटमध्ये. चौकाला लागून पत्र्याची एक शेड होती. रुंदी बेताची, उंची मात्र तीन मजली घराएवढी.

"गोडाऊन दिसतंय," सर म्हणाले. "जागा ताब्यात घ्यावी लागेल, लिहून ठेवा."

मला हसू आवरेना. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत आहे. अशी शेड मी झोपेतही ओळखीन.

"सर, आत देवाचा रथ आहे. इकडे त्याला तेरू म्हणतात."

तरी खात्री करून घ्यावी म्हणून समोरच्या फुलवाल्याला कन्नडमध्ये विचारलं. तो म्हणाला, "हो अक्का, दरवर्षी जत्रेला निघतो. इथे चौकात येऊन वळतो आणि देवळात परत जातो. त्या दिवशी विजेच्या तारासुद्धा उतरवतात."

"आणि इथे फ्लायओव्हर झाला तर?"

"होऊ दे की," तो गजरा गुंडाळत म्हणाला. "तेरू इथेच वळणार."

आवाजात राग अजिबात नव्हता. मला भीती वाटली ती त्याचीच.

फ्लायओव्हरखाली ट्रक जाईल एवढी मोकळी उंची ठेवतात. रथ त्यात मावण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे काम सुरू होताच गाव आडवं येणार, प्रकरण कोर्टात जाणार, आणि अर्धवट उभे खांब बघत ट्रॅफिक आहे तिथेच तुंबणार. त्यापेक्षा हायवेच चौकाखालून न्यावा, म्हणजे अंडरपास करावा, आणि वरचा चौक रथासाठी मोकळा ठेवावा, असं मला वाटलं. अंडरपासात पाणी साचतं ही खरी अडचण. पण इथे एका बाजूला जमीन तलावाकडे उतरत होती. पाणी आपोआप बाहेर काढता आलं असतं. हे सगळं मी शेडच्या फोटोसकट त्या पानावर लिहिलं होतं.

"अहो, तो टीओआर खात्याच्या चीफ इंजिनिअरनी स्वतः लिहिलाय," केतकर सर म्हणाले. "आणि मार्कही तेच देणार."

"म्हणूनच लिहिलं सर. गावाने काम अडवलं तर अडकणार तेच."

"याआधीच्या सगळ्या बिड आपण हरलोय. ही गेली तर हेड ऑफिस बिडचं काम पुण्याला हलवणार आहे. तुमच्याही नोकरीचा प्रश्न आहे हा."

ते खोटं नव्हतं. आई इथेच मल्लेश्वरममध्ये, मुलांच्या शाळा इथे, आणि माझ्या लेखी पुणे म्हणजे जिथे माझ्या मराठीला लोक हसतात ते गाव. पण कुणी चुकीचं काम करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं, त्याला माझा इलाज नाही.

"सर, त्या हरलेल्या सगळ्या बिडांत आपण काय लिहिलं होतं? टीओआर उत्तम आहे."

सरांनी ते पान स्क्रीनवर पुन्हा वाचून काढलं. मग म्हणाले, "सरी." इथे आल्यापासून ते कन्नडचे दोनच शब्द शिकले होते, 'सरी' म्हणजे ठीक आहे, आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं. "पण खात्यापुढच्या प्रेझेंटेशनला तुम्हीच बोलायचं."

प्रेझेंटेशनला चीफ इंजिनिअरनी पहिल्यांदा तेच पान उघडलं.

"हे कुणी लिहिलं?"

मी हात वर केला.

"मॅडम, या टीओआरवर आम्ही कितीतरी बैठका घेतल्या. तुम्ही एकदा गावात जाऊन आलात आणि चूक काढलीत?"

"सर, बैठका बेंगळुरूत झाल्या. तेरू तिकडे आहे."

शेजारी केतकर सरांनी हातातला पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला.

"किती उंच आहे तेरू?"

"फ्लायओव्हरखालून जाणार नाही इतका, सर."

समितीतलं कुणीतरी हसलं. चीफ इंजिनिअर हसले नाहीत. "अंडरपास पावसात भरतात. मग शिव्या आम्हाला."

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. जमिनीचा उतार दाखवला, तलावापर्यंतचा नाला दाखवला. ते विचारत गेले, मी सांगत गेले. ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली. कंपनीच्या परदेशातल्या कामांवर सरांनी हौसेने केलेल्या स्लाइड्स कुणी मागितल्यासुद्धा नाहीत.

तांत्रिक मार्क पोर्टलवर आले. आम्ही पहिले, आणि दुसरा नंबर पार मागे. पुढे किमतीची पाकिटं उघडली, तर एक कंपनी आमच्यापेक्षा स्वस्त निघाली. पण बेरीज केल्यावरही पहिले आम्हीच. केतकर सर केबिनमधून अक्षरशः पळत बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, जिंकलो. तुमच्या त्या पानाने जिंकलो." त्या दिवशी मी ऑफिसभर मिरवले. संध्याकाळी आईला घेऊन लोण्यातला बेण्णे डोसा खायला गेले आणि तिथेही ही गोष्ट दोनदा सांगितली. बिडचं काम पुण्याला हलवायचा विषय बंद झाला. उलट आता पुण्याच्या बिड तपासायला माझ्याकडे येतात.

काम सुरू करण्याच्या पहिल्या बैठकीला चीफ इंजिनिअर मोकळे बोलले. "बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं, टीओआर एक्सलंट. वाचून मला बरं वाटलं. पण मार्क द्यायला बसलो, तर त्या पानावर मार्क देण्यासारखं काही सापडेना."

सरकार मत विचारतं, तेव्हा कधीकधी त्याला ते खरंच हवं असतं.