पूर्णेच्या धरणाकाठी, दाजींच्या दमानं

डॉक्टरांनी दाजींना सायकल चालवायची परवानगी दिली, पण अटींवर. रस्ता सपाट हवा, धाप लागता कामा नये आणि उन्हात जायचं नाही. त्याच संध्याकाळी दाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, आता रतनची जागा दाखवा."

रतन माझी धाकटी बहीण, दाजींची बायको. बहात्तरच्या दुष्काळात धरणाकाठी रस्त्याचं काम निघालं होतं. त्या कामावर ती खडी फोडायला जायची. वैशाखातल्या एका दुपारी ऊन लागून ती तिथंच गेली. दाजी तेव्हा कामाच्या शोधात निजामाबादेत होते. ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती जागा मीही पाहिलेली नव्हती; तिला बैलगाडीतून घरी आणल्यावरच मला कळलं. धरणाच्या काठाला, रस्त्यालगत ओळीनं तीन बाभळी आहेत, त्यांतल्या शेवटच्या बाभळीखाली, एवढीच खूण आम्हाला ठाऊक होती. नंतर दाजींच्या छातीचं दुखणं निघालं आणि औषधपाण्यात वर्षं गेली. तिथं एकदा उभं राहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी बेत आखायला बसलो. कुणाला या बाजूनं सायकलीवर जायचं असेल तर हा बेत आजही चांगलाच आहे, म्हणून सांगतो. वसमतहून औंढ्यापर्यंतचा रस्ता लांब आणि ट्रकांच्या वर्दळीचा. तेवढा एसटीनं करावा. सायकली टपावर चढतात, त्यांचं वेगळं तिकीट पडतं. औंढ्यापासून धरणापर्यंत चढ असा नाहीच. थंडीत सकाळचा वारा पूर्वेचा, म्हणजे जाताना पाठीशी. मी पौष महिना धरला. दाजींच्या सायकलीचं सीट खाली घेतलं, चेनला तेल दिलं, पंक्चरचं सामान आणि हातपंप पिशवीत टाकला. भाकरी, झुणका आणि उकळून गार केलेलं पाणी घेतलं.

एसटी निघाल्यावर कंडक्टरनं विचारलं, "सायकली असून गाडीत काहून बसून राहिले तुमी?"

"सायकलींना दम लागतो," दाजी म्हणाले.

आख्खी गाडी हसली. शिरड शहापूर येईपर्यंत दाजी खिडकीतून तुरीची शेतं बघत होते. मग एकदम म्हणाले, "तिला सायकलवर बसायची लई हौस व्हती."

औंढ्याला देवळाजवळच्या हॉटेलात भजी आणि चहा घेतला. भजी गरम असतील तरच घ्या, आमची नव्हती. धरणाच्या काठानं जाणार म्हटल्यावर हॉटेलवाला म्हणाला, "जा ना, मस्त हाय. यंदा तर पाणी बी लई हाय." मला ते ऐकून बरंच वाटलं.

सायकली अगदी हळू चालवल्या. दाजींच्या श्वासाचा आवाज मी मागून ऐकत होतो. तो वाढला की मीच काहीतरी निमित्त काढून थांबायचो. ज्वारी पोटरीत आली होती. एका वळणावर शेतं संपली आणि पाणी दिसलं. रस्ता पाण्याला धरून जातो, एका बाजूला उतरती माळरानं आणि दुसरीकडं नुसतं निळं. लाटा बारीक, पण काठावर येऊन फुटत होत्या. बदकांचे थवे दूर बसले होते. दाजी पाय टेकून उभे राहिले.

"समुद्र असाच असतो का मास्तर?"

मी समुद्र एकदाच पाहिलेला. म्हणालो, "त्याला पलीकडचा काठ दिसत नाही."

"हितं दिसून राहिला," दाजी म्हणाले. "हे बरं हाय."

पुढं डांबरी रस्ता सोडून एक खडीचा रस्ता पाण्याकडं उतरत होता. तिथं एक बाई शेळ्या चारत होती. शेजारच्या तांड्यावरची, नाव गमलीबाई. तीन बाभळी कुठं आहेत म्हणून विचारलं. तिनं हातातली काठी पाण्याकडं केली.

"त्या काय."

काठापासून बऱ्याच आत तीन वाळके शेंडे पाण्याबाहेर आले होते. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. आमच्या पायाखालचा रस्ता सरळ उतरत जाऊन पाण्यात शिरला होता.

"रस्ता केला तवा पानी पार तळाला गेलतं," गमलीबाई म्हणाली. "काठ तिथंच व्हता. पाऊस पडला अन् रस्ता गेला पान्यात."

"कुनाच्या ध्यानात आलं न्हाई?" दाजींनी विचारलं.

"समद्याला ठावं व्हतं, दादा. पानी यावं म्हनून तर समदे रडत व्हते." मग तिनं सांगितलं, "चैतात मोकळा व्हतो. खाली गाळात टरबुजं लावतेत, त्याच्या गाड्या ह्याच रस्त्यानं येतेत. लई कामाचा हाय."

दाजींनी रतनचं नाव घेतलं. गमलीबाई क्षणभर बघत राहिली.

"तुमी तिचे मालक?"

दाजींनी मान हलवली.

"माझं लेकरू अंगावर पीत व्हतं तवा. ती म्हनली, तू सावलीला बस, तुजा बी ढीग मी फोडते." तिनं ओढणी तोंडाशी धरली. "दुपारपातूर दोनी ढीग फोडले तिनं."

मग दाजींनी विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"शाळंत जाऊन राहिलंय."

दाजींनी सायकल माझ्याकडं दिली, चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि ते रस्त्यावरून पाण्यात चालू लागले. मी हाका मारल्या. पाणी गार होतं, त्यांच्या छातीला ते चालणार नव्हतं. पण माझ्या दोन्ही हातांत सायकली होत्या आणि खरं सांगायचं तर त्या खाली टाकून पळावं की नाही, याचाच मी विचार करत राहिलो. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. तिथं ते थांबले. पाय दाबून पाहिले, पुन्हा दाबले.

"दबत न्हाई, मास्तर!" ते तिकडूनच ओरडले. "पक्कं हाय! खडी जागची हालली न्हाई!"

बाभळी अजून लांब होत्या. त्यांनी हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं. मीही काठावरून म्हटलं. शेवटच्या ओळीला त्यांना खोकला आला, तेव्हा ती मी एकट्यानं पुरी केली.

ते परत आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. गमलीबाईनं काटक्या पेटवल्या, धोतर वाळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो आणि झुणका-भाकरी तिघांनी खाल्ली. परतताना वारा समोरून होता. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: सकाळी सोपा असलेला रस्ता दुपारनंतर तेवढा सोपा राहत नाही. अर्धी वाट आम्ही सायकली हातात धरून चाललो.

घरी आल्यावर दाजींना ताप भरला. तो दोन दिवसांनी उतरला, पण तेवढ्यात मी स्वतःला बरंच विचारून घेतलं. थंडीचे दिवस मी त्यांच्या छातीसाठी निवडले, हे खरं आहे. पण वैशाखातल्या त्या उन्हात आपल्याला उभं राहावं लागू नये, असंही मनात होतं का? होतं, असं वाटतं. ती ज्या उन्हात दोन ढीग फोडत होती, तिथं मी गार वाऱ्याचा हिशेब करून गेलो, आणि म्हणूनच तिची जागा आम्हाला लागली नाही.

रतनची मुलगी वंदना यंदा मॅट्रिकला आहे. तिनं मला विचारलं, "मामा, बाबा पोचले का आईच्या जागेवर?"

"नाही," मी म्हणालो. "बाभळी पुढंच राहिल्या."

खाटेवरून दाजी म्हणाले, "चैतात जाऊ. टरबुजाच्या गाडीत बसून. मास्तरला घरीच ठिवू, त्याला ऊन सोसत न्हाई."

"गाडी कशाला?" वंदना म्हणाली. "पहाटे निघू. मी नेते तुमाला डबलसीट."

तिला सायकल येत नाही. डॉक्टर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि अजून त्यांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही. पण गेला आठवडाभर, शाळा सुटली की मैदानावर मी तिच्या सायकलीचं कॅरियर धरून मागं पळतो आहे.