भिंतीपलीकडचा पंखा

सुभेदारांच्या घराचा मेन स्विच पाडलेला होता. आमचा जनरेटर चालू होता. आणि भिंतीपलीकडं, त्यांच्या थोरल्या भावाच्या ओसरीवरचा पंखा फिरायला लागला होता.

तो फिरायला नको होता. तारांवरच्या फांद्या तोडायच्या म्हणून सकाळपासून गावातली लाईट बंद होती. आम्ही लाईन दिली होती ती फक्त सुभेदारांच्या घराला. इंजिनचा आवाजही बदलला. चार बल्ब आणि एक फ्रिज एवढ्याला मशीन नुसतं गुणगुणतं. हे चढाला लागलेल्या उसाच्या ट्रॅक्टरसारखं घुसमटत होतं. मी रफिकला हाक मारत बसले नाही. स्वतःच जाऊन बंद केलं.

रफिक माझा जावई. वायरिंगचं लायसन त्याच्या नावावर, दुकान माझं. इस्लामपुरात माझे मालक लग्नाकार्याला जनरेटर भाड्यानं द्यायचे. ते गेल्यावर मी धंदा मोडला नाही, वाढवला. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यावाचून आजवर मशीन अडलेलं नाही.

सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर झालेला माणूस. उंब्रजजवळच्या एका गावात राहतात. त्यांची आई, सगळे तिला आक्का म्हणतात, कराडला दवाखान्यात होती आणि दुसऱ्या दिवशी घरी यायची होती. सोबत ऑक्सिजनचं मशीन येणार होतं. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. चालतं लाईटवर. लाईट गेल्यावर थोडा वेळ निभावायला सिलिंडर होता, पण या भागात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात पक्की सोय झाल्याशिवाय आक्काला सोडणार नाही. म्हातारीनं तिकडं जेवण टाकलं होतं, मला घरी न्या म्हणून.

जागेवरून आमचं सकाळीच वाजलं होतं. सुभेदारांना जनरेटर जिन्याखालच्या बोळात हवा होता. बोळाच्या वर आक्काच्या खोलीची खिडकी. मी नाही म्हटलं. जनरेटरच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. मशीन मोकळ्या हवेत, खिडक्यादारांपासून लांब ठेवायचं असतं.

‘‘खिडकी बंद ठेवू,’’ सुभेदार म्हणाले.

‘‘मग तिला दवाखान्यातच ठेवा,’’ मी म्हटलं.

मोकळी जागा एकच होती. भिंतीपलीकडं, आप्पांचं परसू. आप्पा म्हणजे थोरला भाऊ. वाटण्या झाल्या, मधे भिंत घातली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सुभेदारांनी बजावलं, त्या बाजूचं नाव काढायचं नाही. म्हणून टेस्टिंगपुरता जनरेटर गल्लीत उभा केला होता.

मशीन बंद केलं आणि रफिकनं चेंजओव्हर तपासला. चेंजओव्हर म्हणजे एक दांड्याचा मोठा स्विच. दांडा वर केला की घराला बोर्डाची लाईट, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. तो नसेल तर जनरेटरचा करंट उलटा मीटरमधून बाहेर तारेवर जातो. लाईट बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस त्यात मरतो. आमचा चेंजओव्हर बरोबर होता. दांडा खाली होता.

तेवढ्यात गावचा वायरमन पोपट आला. खांबावर चढायचा पट्टा कमरेलाच होता.

‘‘चाची, तुमचंच मशीन व्हय?’’

‘‘आमचंच. बंद केलंय.’’

‘‘बरं केलंसा. तारंला हात घालायच्या आधी टेस्टर लावला, तर पेटला की. आमच्या सायबानं लाईन दिली न्हाई, मग दिली कुणी?’’ तो ओट्यावर बसला. ‘‘पाणी द्या वाईच.’’

टेस्टर सगळे लावत नाहीत. पोपट लावतो, म्हणून तो पाणी मागायला आला.

सुभेदार स्विचबोर्डाकडं बोट दाखवून म्हणाले, मेन पाडलाय, करंट जाईलच कसा. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आप्पांच्या घराला लागून होतं ते स्वयंपाकघर, सरळ तिथं गेले. त्यांची बायको सुनंदा पिठाच्या डब्यासमोर उभी होती आणि हलायला तयार नव्हती.

‘‘बाजूला हो,’’ मी म्हटलं.

डब्यामागं भिंतीला भोक होतं. भोकातून एक वायर पलीकडं गेलेली. ओढून घेतली. तिच्या दोन्ही टोकांना पिना.

भिंत पुरुषांनी घातली, भोक जावांनी पाडलं. दोन घरांचे मीटर वेगळे, फेजही वेगळे. एकीची लाईट गेली तरी दुसरीची असायची. मग ही वायर इकडच्या प्लगात आणि तिकडच्या प्लगात खुपसायची, की मिक्सर चालू. कित्येक वर्षं हे चाललं होतं आणि दोन्ही भावांना पत्ता नव्हता. त्या दिवशी थोरली जाऊ मालन हिला भोकातून धाकटीकडं बल्ब दिसला. तिनं नेहमीसारखी वायर लावली. स्वतःचा मेन पाडायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमचा करंट तिच्या घरात शिरला आणि तिच्या मीटरमधून खांबावर गेला.

मालन दारातून आली. त्या घराच्या पुढच्या दारातून ती किती वर्षांनी येत होती कोण जाणे. मागं आप्पा होते.

‘‘मीच लावली,’’ ती म्हणाली. ‘‘हिची काय चूक न्हाई.’’

‘‘मीच शिकवलं त्यास्नी,’’ सुनंदा म्हणाली.

मी वायर पोपटच्या मांडीवर टाकली. आप्पांनी वायर बघितली, पोपटकडं बघितलं आणि खाली बसले. पोपट म्हणाला, ‘‘आप्पा, माझ्या तेराव्याला दोघं भाऊ एका पंगतीला बसला असता, एवढाच फायदा हुता.’’

आप्पांनी मलाच विचारलं, आक्काला कधी आणणार. मी म्हटलं, जागा मिळाली तर उद्या. कुठली जागा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

आप्पा भावाकडं न बघता म्हणाले, ‘‘मोरीच्या कडंला मोकळं हाय. ठिवा तितं.’’

सुभेदारांनी रफिकला विचारलं, आप्पांच्या घरालाही लाईन देता येईल का. येते. दुसरा चेंजओव्हर बसवावा लागतो. एक चेंजओव्हर एका मीटरपुरता.

संध्याकाळपर्यंत काम झालं. मोरीजवळची माती ओली, म्हणून अर्थिंग चांगलं लागलं. ते नसेल तर मशीनच्या पत्र्याचाही शॉक बसतो. दोन पिनांची वायर मी पोपटसमोर तोडली. तिच्या भोकातूनच, थोडं मोठं करून, पाइपात घातलेली पक्की केबल नेली. पोपटला बोलावून पुन्हा खांबावर टेस्टर लावायला लावला. पेटला नाही. दुसऱ्या दिवशी आक्का घरी आली.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गेले होते. म्हातारी नाकात नळी घालून ओसरीत बसली होती आणि सुनांवर ओरडत होती. तब्येत बरी असावी. तिथं असताना लाईट गेली. सुभेदारांनी सिलिंडर लावला आणि भिंतीकडं तोंड करून हाक मारली, ‘‘दादा, चालू कर.’’ पलीकडनं आवाज आला, ‘‘केलं. तू दांडा वड.’’ मशीन तिकडं, आक्काच्या घरचा दांडा इकडं. बोलल्याशिवाय भागत नाही.

सुभेदारांनी विचारलं, आपोआप चालू होणारं पॅनेल मिळतं म्हणे. मी म्हटलं, मिळतं. आक्का म्हणाली, ‘‘नगं. हाय ते बरं हाय.’’

तेव्हापासून माझी एक पद्धत झाली आहे. घरात शिरल्यावर मीटर नंतर बघते. आधी स्वयंपाकघरात जाते आणि विचारते, बायांनो, कुठली वायर कुठं जाते ते सांगा. घरच्या पुरुषांना ते माहीत नसतं.