झडतीचा तास

उज्वलाबाई अहिरेंना तुरुंगात कशाची कधी किळस आली नव्हती. महिला विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली. उवांनी भरलेली डोकी पाहिली, अंगावर ओकणाऱ्या बाया सावरल्या आणि घरी येऊन, आंघोळ करून, निवांत भाकरी खाल्ली. रिटायर झाल्यावर मात्र त्या देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या एका भरती अकॅडमीत शिकवायला लागल्या आणि तिथे त्यांना रोज मळमळायला लागलं.

अकॅडमी शेखर सरांची. सरांनी तुरुंगाचं दार कधी आतून पाहिलेलं नव्हतं, पण बोलणं असं की जणू जन्म तिथेच गेला. कारागृह शिपायाच्या भरतीत धावणं, गोळाफेक आणि लेखी परीक्षा. बाकी सगळं निवड झाल्यावर सरकार शिकवतं. सरांनी तरीही पत्र्याच्या शेडमध्ये गज लावून खोटी कोठडी बांधली होती. तिथे झडतीचा तास व्हायचा, सर मोबाईलवर त्याची रील काढायचे आणि ती रील पाहून नव्या पोरी नाव घालायच्या. कोठडी खोटी, तर निदान शिकवणारी खरी हवी, म्हणून उज्वलाबाई.

त्यांचं शिकवणं साधं होतं. नवी बाई आत आली की तिची झडती घ्यायची. हात लावायच्या आधी सांगायचं, आता केस बघते, आता ओढणी बघते. बघून झालं की कपडा झटकून, घडी घालून तिच्या हातात द्यायचा. "तिनं गुन्हा केला का नाही ते कोर्ट बघंल," त्या म्हणायच्या, "आपण फक्त तिनं आत काय आणलं ते बघायचं." पोरी माना डोलवायच्या आणि कोठडीत शिरल्या की सगळं विसरायच्या. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते उज्वलाबाई रोज समोर बघत होत्या.

कैदी व्हायची पाळी सगळ्यांची होती, पण कैदी रोज दिशाच व्हायची. दिशा डोंगरातल्या आदिवासी भागातली, हरसूल गावची. काळीसावळी, अंगाने किरकोळ, आल्यापासून कुणाशी धड बोललेली नाही. "तिला शोभतं ना," हर्षाली म्हणायची. ही हर्षाली शहरातली, धावण्यात सगळ्यांच्या पुढे आणि सरांच्या प्रत्येक रीलमध्ये. ती दिशाची वेणी धरून तिला भिंतीकडे ढकलायची, ओढणी मातीत फेकायची आणि म्हणायची, "उचल. तोंडाने." पोरी खिदळायच्या. दिशा वाकून ओढणी हातानेच उचलायची, आणि सर म्हणायचे, "मस्त! परत एकदा, इकडं तोंड करून."

"काय शे हे?" उज्वलाबाई एकदा कडाडल्या. नामपूरची माहेरची अहिराणी त्यांच्या तोंडी संतापातच यायची.

"मॅडम, थोडा दरारा पाहिजेच," सर हसले. "कैदी म्हणजे काय पाहुणे आहेत का?"

त्या हसण्याची उज्वलाबाईंना शिसारी आली. त्याच दिवशी दिशा पिशवी भरून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, मी जाते घरी. मला नाय जमायचं."

"धावतेस तर चांगली. काय जमत नाही?"

"उद्या मला बी कोणाशी असं वागाय लागंल. ते नाय जमायचं."

उज्वलाबाईंना त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. अख्ख्या अकॅडमीत तुरुंगाच्या किल्ल्या हातात द्याव्यात अशी ही एकच, आणि हीच निघाली होती. त्यांनी तिला घरी नेऊन पिठलं-भाकरी जेवू घातली, हरसूलला तिच्या आईला फोन लावला, "पोरीला परत बोलवू नका, माझ्यावर सोडा" म्हणून गळ घातली. मग सरांना ठणकावून सांगितलं, उद्या दिशा शिपाई आणि हर्षाली कैदी, नाहीतर मी चालले.

दुसऱ्या दिवशी दिशा कोठडीत उभी राहिली. लांबून लष्कराच्या तोफांच्या सरावाचे आवाज येत होते. "आता केस बघते," ती हळूच म्हणाली. उज्वलाबाईंचा ऊर भरून आला.

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

हर्षालीही हसली. "आटप ना गं, हरसूल."

दिशाचा हात थांबला. मग तिने ती वेणी मुठीला गुंडाळली आणि हर्षालीचं तोंड गजांवर दाबलं. ओढणी ओढून मातीत टाकली, वर बुटाचा पाय ठेवून ती चुरगाळली.

"उचल. तोंडानं."

"दिशा!" उज्वलाबाई ओरडल्या. दिशाने ऐकलं, पण मूठ सोडली नाही. हर्षाली रडत गुडघ्यावर बसली आणि तिने खरोखरच ओढणीला तोंड लावलं. आता कुणी हसत नव्हतं. सरांचा मोबाईल तेवढा वरच होता.

उज्वलाबाईंनी आत शिरून हर्षालीला उठवलं. त्यांना खरंच उमासे येत होते. दिशा त्यांच्याजवळ आली. तिचा चेहरा फुलला होता. इतकी मोकळी हसताना त्यांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅडम, जमलं मला. आता नाय जात मी घरी. उद्या कैदी कोणाला करू?"

"मला कर," उज्वलाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोरगी आता तरी वरमेल, खाली मान घालेल.

दिशाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मग गळ्यातलं घरीच ठेवून या, मॅडम. तुटंल नायतर."