न विचारलेली बोहनी

इर्बिद शहराच्या जुन्या बाजारात दोरा-बटणांची एक गल्ली होती. अकरा दुकानं, एकेक इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाने बाहेर यावं. त्यातलं चौथं अबू नायिफचं. माणूस बुटका, बोलका, आणि बटणांच्या बाबतीत भलताच हट्टी. नवरीच्या झग्याला कुणी प्लास्टिकचं बटण मागितलं की हा आधी विचारायचा, "तुझी आई बरी आहे ना गं? तिला माहीत आहे का तू काय घेतेयस ते?" आणि गुपचूप शिंपल्याची बटणं तिच्या तळहातावर ठेवायचा.

पाचवं दुकान हाजी बुरहानचं. तो उंच आणि अबोल. माल दोघांचा तोच, भिंत एकच. चाळीस वर्षं शेजारी बसून दोघं नात्यातल्यासारखे भांडले आणि नात्यातल्यासारखेच पुन्हा बोलायला लागले.

गल्लीची एक रीत होती. सकाळी दुकान उघडलं की प्रत्येकाने वेताचं स्टूल दाराबाहेर मांडायचं. बोहनी झाली की आत घ्यायचं. ज्याचं स्टूल आत गेलं, त्याने पुढचं गिऱ्हाईक ज्याचं बाहेर असेल त्याच्याकडे धाडायचं. "मावशी, माझ्याकडे आहे, पण हाजीकडे याहून झकास मिळेल." हे खोटं सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. तोंडाने मात्र कधी विचारायचं नाही. बोहनी झाली का असं भर बाजारात विचारणं म्हणजे चारचौघांत माणसाचा सदरा वर करून तो जेवलाय का ते बघणं.

मग शहर वाढलं. रस्ता रुंद करायचा ठरला आणि गल्ली त्याच्या मधोमध आली. नऊ जणांनी भरपाई घेऊन कुलूप घातलं. उरलेल्या दोघांनी, अबू नायिफ आणि हाजीने, विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या नव्या मॉलमध्ये गाळे घेतले, अर्थातच शेजारी-शेजारी. पहिल्या सकाळी दोघांनी स्टुलं बाहेर मांडली. मॉलचा मॅनेजर धावत आला.

"काका, काचेबाहेर काही ठेवायचं नाही. कुणी अडखळून पडलं म्हणजे?"

"चाळीस वर्षांत आमच्या स्टुलावर एकच जण पडला," अबू नायिफ म्हणाला, "आणि तो प्रेमात पडलेला होता."

मॅनेजर पोट धरून हसला. पण स्टुलं आत गेली ती गेलीच.

हाजी बुरहानचा गाळा रांगेत शेवटचा. अबू नायिफला आपल्या जागेवरून त्याचं दार दिसायचं, आत काय चाललंय ते दिसायचं नाही. दारातून बायका मात्र दिवसभर जाताना दिसायच्या. दहाच्या आत चार-पाच तर नक्कीच. तो मनात म्हणायचा, चला, हाजीचं बरं चाललंय. आणि आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक आपणच ठेवून घ्यायचा.

कधीकधी मात्र त्याला घास गोड लागायचा नाही. नमाजाला जाताना हाजी हल्ली सावकाश चालायचा. दुपारचा डबा न उघडता घरी न्यायचा.

"अहो, सरळ विचारा की त्याला," त्याची बायको उम्म नायिफ म्हणायची.

"असं विचारतात होय?"

"मग बसा उसासे टाकत. तुमच्या दोघांच्या अब्रूचं लोणचं घालते मी."

दहा महिन्यांनी एका शनिवारी हाजीचा गाळा उघडलाच नाही. दुपारी काचेवर 'भाड्याने देणे आहे' असा कागद लागला. मॉलमध्ये झाडलोट करणारी सुआद बादली घेऊन तिथे उभी होती.

"बिचारा," ती म्हणाली. "किती दिवस नुसता बसून जायचा. महिना महिना एक रीळ खपलं नाही."

"काय बोलतेस! बायकांची रीघ होती त्याच्याकडे."

"काका, त्याच्या पलीकडे बायकांचा संडास आहे. त्या वाट विचारायला शिरायच्या. आणि हा दर वेळी उठून उभा राहायचा, या ताई म्हणून."

अबू नायिफने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

त्या संध्याकाळी तो हाजीच्या घरी गेला. हाजीने हसून दार उघडलं, नातवाच्या दातांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, दुकान सोडून सगळं सांगितलं. मग कॉफी ओतली. अबू नायिफने पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला. पाहुण्याने पेला असा खाली ठेवला की त्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरं होईपर्यंत तो ओठाला लावणार नाही, हे इर्बिदमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं.

"माग," हाजी हळूच म्हणाला.

"उद्यापासून माझ्या दुकानात बस. अर्ध्या फळ्या तुझ्या."

हाजीने कॉफीची किटली खाली ठेवली.

"येणारी प्रत्येक बाई आधी माझ्यासाठी हळहळेल आणि मग दोरा मागेल. ते नाही झेपायचं मला. दुसरं काही माग."

"मला दुसरं काही नको आहे."

"अबू नायिफ, माझ्या घरात पाहुणा न पिता उठलेला नाही कधी."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"मी विचारायला हवं होतं," अबू नायिफ म्हणाला.

"विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, देवाची कृपा, बोहनी सकाळीच झाली."

अबू नायिफला हसू आलं, ते अर्ध्यात मोडलं. त्याने बाहीने नाक पुसलं.

"मग माफी दे. तेवढंच मागतो."

"दिली. आता पी," हाजी म्हणाला.

"पण थांब, गरम ओततो," असं म्हणून तो पेल्याकडे हात नेणार, तोच अबू नायिफने तो उचलला. कॉफी पार गार झाली होती. त्याने ती तशीच एका घोटात संपवली, आता पुरे म्हणून पेला हलवला, आणि हाजीच्या हातात परत दिला.