रंग दिलेली काच

माझा धाकटा भाऊ परदेशातली नोकरी सोडून परत आला, तेव्हा सोयाबीन निघालं होतं आणि तुरीला फुलं धरली होती. येतो म्हणून त्यानं कोणालाच कळवलं नव्हतं. मेडशीच्या स्टँडवर एसटीतून उतरला आणि बॅग खांद्यावर टाकून सरळ घरी आला. आई अंगणात पोती शिवत बसली होती. तिनं दाभण हातात धरूनच वर पाहिलं.

"आजारी पडला का रे बाबू?"

"नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. आलो."

मी वाशिमजवळच्या मालेगावला एका शाळेत विज्ञान शिकवते. वडील गेल्यापासून आईजवळच राहते. संध्याकाळी शाळेतून आले तर हा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला. आधी आनंद झाला. मग कळलं की तो सुट्टीवर आलेला नाही, कायमचा आला आहे.

वाशिमला आयटीआय करून तो फिटर झाला होता. एका ओळखीतून त्याला समुद्रापारच्या एका मोठ्या करमणुकीच्या बागेत काम लागलं. समुद्रातले अजस्र प्राणी तलावात ठेवायचे आणि त्यांचे खेळ लोकांना दाखवायचे, असं ते ठिकाण. भावाचं काम तलावाखाली, पंपांच्या खोलीत होतं. पाणी गाळायचं, थंड ठेवायचं, फिरतं ठेवायचं. तिथून त्यानं मला खेळाचा एक व्हिडिओ पाठवला होता. काळापांढरा प्रचंड प्राणी पाण्यातून वर येतो, हवेत वळतो आणि पडतो, तशा पुढच्या रांगांतले लोक नखशिखांत भिजून हसतात. किलर व्हेल. सस्तन प्राण्यांचा धडा आला की तो व्हिडिओ मी वर्गात दाखवत असे आणि सांगत असे, "हिचं पाणी माझा भाऊ सांभाळतो." मुलं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायची.

असा तो सगळं टाकून आला. गावात जो तो विचारायचा, काहून आला? तो म्हणायचा, "जमलं नाई." त्यानं मालेगावात वाशिम रोडवर टिनाचं शेड भाड्यानं घेतलं आणि जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं, पंप दुरुस्त करायचं काम सुरू केलं. हात चांगला होता, गिऱ्हाईक मिळालं. पण तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. बोलता बोलता कुठंतरी बोअरची मोटार सुरू झाली की तो गप्प व्हायचा. पाइपाजवळ असला तर त्यावर तळहात ठेवून उभा राहायचा, जणू आतून कोणी काही सांगत आहे. आईनं दोनदा हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. ती विहारात भंतेजींना विचारून आली. ते म्हणाले, त्याला बोलतं करा.

बोलतं करायला मी गेले नव्हते, भांडायला गेले होते. शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर थेट त्याच्या शेडमध्ये गेले. तो एका मोटारीची जळालेली तार उसकून काढत होता.

"आई झुरून राह्यली तुझ्यापायी," मी म्हटलं. "लोक काय काय बोलून राह्यले. चोरी केली म्हन्तात, मारामारी केली म्हन्तात. खरं काय ते मले तरी सांग."

बराच वेळ तो तारच ओढत राहिला. मग म्हणाला, "ताई, तिले लेकरू होतं."

"कोनाले?"

"तिले. तू पोराइले दाखवते ना, तिले."

मग त्यानं सांगितलं ते असं. पंपाच्या खोलीच्या भिंतीत एक गोल काच होती. पाणी किती स्वच्छ आहे ते तिच्यातून पाहायचं. कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत ती मादी त्या काचेशी यायला लागली. हा आत शिरला, दिवा लावला, की ती पलीकडे हजर. "लोकाइले वाटते तो पांढरा डाग म्हंजे तिचा डोळा हाय. तो डोळा नाई. डोळा त्याच्या पुढं, खाली असते. लहानसा. तो पाह्यते आपल्याकडं." दोन तलावांमधल्या लोखंडी फाटकाला चावून चावून तिचे दात झिजले होते. खेळ नसला की ती पाण्याच्या वरच्या थरावर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहायची. तिचं पिल्लू मात्र दिवसभर तिच्या कुशीला लागून पोहायचं. पिल्लू म्हणजे आपल्या घराच्या दारात मावणार नाही एवढं, पण पिल्लूच.

मग त्या लोकांनी ते पिल्लू दुसऱ्या देशातल्या तसल्याच एका बागेला दिलं. एका सकाळी तलावाचं पाणी कमी केलं, जाळं लावून त्याला वेगळं केलं आणि मोठ्या झोळीत घालून क्रेननं उचललं.

"ते वर हवेत लोंबकळून राह्यलं होतं आन् ती खाली फिरून राह्यली होती. पानी एवढंसं. तिचं पोट खाली घासे. मंग ते ट्रकमंदी घातलं, नेलं. दुपारी खेळ होताच. माईकवर सांगतलं, आज हिची तब्येत बरी नाई, म्हून दुसरी मादी खेळ करन. लोकाइनं टाळ्या वाजवल्या."

"आन् ती?"

"ती वरडत होती. आपल्याले वर आवाज येत नाई तो. मी पायपावर हात ठेवला का हाताले लागे. पायपातून येई. कानाले कमी, हाताले जास्त. आधी मी तसा आवाज कधी आयकला नव्हता. तिथं एक बाई होती, त्या प्राण्याइची डॉक्टर. ती म्हने, हा दूरवर हाक मारायचा आवाज हाय. समुद्रात लांब गेलेल्याले बोलवाचं असलं तर काढतात. तलावात कामच पडत नाई त्याचं."

शेडसमोरून ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत भाऊ थांबला.

त्यानंतर ती काचेपासून हलेना. खेळाला बोलावलं तरी जाईना. काचेला तोंड लावून तिथंच. साहेबाला वाटलं, खोलीतल्या दिव्यामुळं आणि माणसामुळं तिला ही सवय लागली. त्यानं काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून दिला आणि म्हणाला, काच आतून रंगवून टाक.

"मी म्हनलं, मी नाई करत. ब्रश खाली ठेवला. तो चिडला नाई, काई नाई. दुसऱ्या मानसाले बोलावलं. त्यानं रंग देल्ला. मी तिथंच उभा." भावानं हवेत हात वरून खाली फिरवून दाखवला. "तो वरून रंग देत आला, तशी ती खाली खाली सरकत आली. उरलेल्या जागेतून पाह्यत. शेवटी एवढीशी जागा राह्यली. तितक्यातही डोळा होता."

"ते बंद झालं आन् मी वर जाऊन सांगतलं का मी चाललो. पन ताई, मी नाई म्हनल्यानं काय झालं? काच तर रंगलीच."

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. आईनं समुद्र पाहिलेला नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "लेकरू तोडलं व्हय तिचं?" त्या दिवसापासून तिनं नोकरीचा विषय काढला नाही. मी वर्गात तो व्हिडिओ दाखवणं बंद केलं. मुलांनी मागितला, तेव्हा मोबाइल खराब झाला म्हणून सांगितलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, असं नव्हे. ते कुठून सुरू करावं, हेच कळत नव्हतं. वर्गात सस्तन प्राण्यांची लक्षणं सांगताना 'पिल्लांना दूध पाजतात' या वाक्यापाशी मी अडखळायला लागले.

थंडीत वाशिमच्या मैदानावर आनंदमेळा आला. त्यात या वेळी माशांचा बोगदा होता. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर काच, काचेत मासे, मधून माणसांनी चालायचं. शिवाय जलपरी. शाळेनं सहावी-सातवीची सहल तिथंच न्यायची ठरवली. मी नाही म्हणू शकले असते. पण मुलांनी महिनाभर आधीपासून घोशा लावला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी गोंधळ चालला होता. पंप बंद पडला होता. आत पाण्यात एकही बुडबुडा नव्हता. सगळे मासे पाण्याच्या वरच्या कडेला जमून तोंडं उघडत होते, मिटत होते. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते काई मागून राह्यले का?" बाहेर खुर्चीवर जलपरी बसली होती. खोटी शेपटी कमरेपर्यंत गुंडाळलेली, ओले केस, डोळे लाल. थंडीनं कुडकुडत ती चहा पीत होती. "पानी ऐसा हो गया तो मैं भी नहीं जाती अंदर," ती मला म्हणाली. "पर मुझे तो बाहर आने मिलता है."

मेळ्याचा मॅनेजर मेकॅनिकसाठी सगळीकडे फोन लावत होता. मीही बाजूला जाऊन भावाला फोन केला. काय झालं ते सांगितलं.

"काच हाय का तिथं?" त्यानं विचारलं.

"हाय."

मला वाटलं, तो येणार नाही. तो मोटारसायकलवर आला. माझ्याकडे न पाहता, बोगद्याकडे न पाहता सरळ मागच्या बाजूला गेला. पंपाचं बेरिंग जाम झालं होतं. गुडघ्यावर बसून त्यानं ते खोललं. बदलायचं बेरिंग शेडमधून येतानाच अंदाजानं उचलून आणलं होतं, ते बसलं. पंप सुरू झाला, काचेत बुडबुड्यांची रांग वर चढली आणि हळूहळू एकेक मासा खाली उतरायला लागला. मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं माझा भाऊ असा दचकला की हातातला पाना खाली पडला.

मॅनेजर त्याच्या मागंच लागला. आमच्यासोबत चला, पुढच्या गावांना, पाण्याचं आमच्याकडं कोणालाच कळत नाही, म्हणाला. भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, तू शिकवते म्हून इचारतो. तिथं मी पानी साफ ठेवत होतो म्हून ती जगून राह्यली होती. जगून राह्यली होती म्हून खेळ चालू होता. मंग मी चांगलं केलं का वाईट?"

मी बोगद्याकडे पाहिलं, मुलं काचेला नाकं लावून उभी होती.

"हे बंद व्हाले पायजे, हे मले समजते," तो म्हणाला. "पन बंद होईपर्यंत हे आतमंदी हायेत ना."

तो मेळ्याबरोबर गेला. आईनं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या आणि ती मागं फिरून घरात गेली, स्टँडवर आली नाही. मीही चिडले होते. ज्यापायी समुद्रापारची नोकरी सोडली, तेच काम पुन्हा पत्र्याच्या मेळ्यात? पण तो गावागावांतून फोन करायचा, तेव्हा त्याचा आवाज मोकळा वाटायचा. प्रवासात मासे फार मरतात, म्हणायचा. टाकीतली गर्दी कमी करायला मॅनेजरला कसंबसं राजी केलं, म्हणायचा. आणि मग एकदा, "नवे आनत जाऊ नका म्हनलं तर आयकत नाई. मेलेल्याच्या जागी दुसरे येतात." पावसाळ्याआधी मेळा बंद झाला आणि तो परत आला. पुन्हा गेला नाही. का, ते आम्ही विचारलं नाही.

शेड पुन्हा उघडलं. आईनं सोयरीक पाहायला घेतली. मुलीकडचे लोक यायचे, चहा-पोहे व्हायचे आणि कोणीतरी विचारायचंच, बाहेरची नोकरी काहून सोडली? तो काहीही न झाकता सगळं सांगायचा. लोक एकमेकांकडे पाहायचे. निरोप यायचा नाही. एकानं तर तोंडावरच म्हटलं, "माशापायी?" आईनं भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "तब्येतीचं कारन सांग ना रे." तो हो म्हणाला आणि पुढच्या वेळी पुन्हा खरं तेच सांगून बसला.

मग आम्ही इंझोरीला एक मुलगी पाहायला गेलो. ती आरोग्य केंद्रात नर्स होती. वडील शेतकरी, बोलायला मोकळे. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि भावानं तेच उत्तर दिलं. झोळी, क्रेन, पाइप, काच. मी मनातल्या मनात परतीची एसटी किती वाजता आहे ते आठवू लागले.

ती मुलगी ट्रे घेऊन दारातच थांबली होती. म्हणाली, "मंग त्या पिल्लाचं काय झालं?"

भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. इतक्या घरांत सांगून झालं होतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मले माहीत नाई," तो म्हणाला.

"तुमी तपास नाई केला?"

"केला. लागला नाई. तिकडं गेल्यावर त्याचं नावच बदललं म्हन्तात."

तिनं ट्रे खाली ठेवला आणि आईबापांसमोर, आमच्या सगळ्यांसमोर, ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

त्यांचं लग्न झालं. ती मालेगावच्या दवाखान्यात बदली करून आली. आमच्या घरी आता त्या पिल्लाचा विषय उघड निघतो, दूर दिलेल्या लेकीचा निघावा तसा. ते जिवंत आहे की नाही, कोणत्या तलावात आहे, उड्या मारायला शिकलं की नाही, आम्हाला काहीच ठाऊक नाही. परवा जेवताना आई मध्येच थांबली. घास हातात होता. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

"आता लय मोठं झालं असंन ते," ती म्हणाली. "माय समोर आली तं वळखन का?"

भावजयीनं तिच्या ताटात थोडं वरण वाढलं.