गांगुर्डेबाई आमच्या गल्लीत येतात

मे महिन्यातला शेवटचा सोमवार, १९७८. हजर: मुख्याध्यापक पगारे सर, नगरपालिकेच्या आसपासच्या तीन शाळांचे शिक्षक, खिडकीजवळ नव्याने लागलेल्या गांगुर्डेबाई आणि फळ्यापाशी मी. गैरहजर: पंखा. तो दुरुस्तीला गेला होता.

विषय पटनोंदणी. म्हणजे शाळा सुरू होण्याआधी शिक्षकांनी घरोघर फिरून पहिलीसाठी मुलं मिळवायची. मुलं कमी पडली की वर्गाची एक तुकडी बंद होते आणि शेवटी लागलेला टेम्पररी शिक्षक घरी जातो. नाशकात इंग्लिश मीडियमच्या खाजगी शाळा वाढत होत्या, आमचा पट उतरत होता. पट जमवण्यात माझा हात कोणी धरत नसे, म्हणून सरांनी मलाच शिकवायला उभं केलं होतं.

मी फळ्यावर मुद्दे लिहिले. एक, पाणी मागा. पाणी दिल्यावर माणसाला दार लावता येत नाही. दोन, आधी घरातल्या म्हातारीशी बोला. तीन, शाळा किती जवळ आहे ते सांगा. चार, पालक चहा घेऊन आले की उठू नका. पाच, ‘विचार करून सांगतो’ म्हणाले, तर नाव पेन्सिलीने लिहून टाका.

गांगुर्डेबाईंनी हात वर केला. “बाई, तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत, असं पालकांनी विचारलं तर?”

“तो सहावा मुद्दा. पुढच्या बैठकीत घेऊ,” असं म्हणून मी फळा पुसला.

कारण आमच्या घरी खिळ्याला लाल टाय लटकत होता. मुलीला, स्वातीला, इंग्लिश मीडियममध्ये घालायचं ठरलं होतं. यजमान पाटबंधारे खात्यात क्लार्क. इंग्रजी नसलं की साहेबापुढे जीभ टाळ्याला चिकटते, हा त्यांचा अनुभव. मलाही पटत होतं. फक्त शाळेत बोलायचं नव्हतं.

बैठकीत गल्ल्या वाटल्या गेल्या. माझी गल्ली कोणाकडे गेली, हे मी पाहिलं नाही. ॲडमिशनच्या आदल्या संध्याकाळी ते कळलं.

“आजी, जरा पाणी मिळेल का?”

गांगुर्डेबाईंचा आवाज ओळखून मी स्वयंपाकघरात सटकले. सासूबाई मूळच्या बागलाणातल्या, बोलणं अहिराणी. पाणी देता देता त्यांनी विचारलं, “कोनता गावनी शे वं माय तू?”

“नामपूरनी, आजी.”

नामपूर म्हणजे बागलाणच. मी कपाळावर हात मारला. दुसरा मुद्दा तिथेच संपला.

“रस्तासुद्धा ओलांडायचा नाही, आजी. ओट्यावरून तुम्हाला नात शाळेत शिरताना दिसेल.”

यजमान म्हणाले, “आम्ही इंग्लिश मीडियमचं ठरवलंय.”

“छान. घरी अभ्यास कोण घेणार, साहेब?”

यजमान स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. माझं इंग्रजी पगारपत्रकावरच्या सहीपुरतं होतं. लपून उपयोग नव्हता. मी चहा घेऊन बाहेर आले.

“बाई, तुम्ही?” गांगुर्डेबाई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. “चौथा मुद्दा.”

नेमकी तेव्हाच स्वाती फ्रॉकवर टाय घालून बाहेर आली. गांगुर्डेबाईंनी टायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “माझी तुकडी एका नावावर अडकलीय, बाई. नाही भरली तर मी परत नामपूरला.”

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली.

“लिखी ले वं माय,” सासूबाई म्हणाल्या. “स्वाती शे तिनं नाव.”

मी तत्त्वासाठी निर्णय घेतला असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे माझ्याच मुद्द्यांतून मला वाट सापडली नाही. यजमान आठवडाभर फुगून होते. शाळेच्या पहिल्या दिवशी स्वातीला सोडायला मात्र तेच गेले. तुकडी टिकली, पुढे गांगुर्डेबाई कायम झाल्या. टायच्या इलॅस्टिकने आम्ही मोडकी छत्री बांधली.

यातून मी एवढंच शिकले: दुसऱ्यांना मुद्दे देण्याआधी आपली गल्ली कोणाकडे गेली ते पाहावं.

सहाव्या मुद्द्याचं उत्तर आता माझ्याकडे होतं: “आमची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत आहे.” मानाने सांगण्यासारखं. पण गांगुर्डेबाई पहिल्याच बाकावर बसत. त्या रजेवर असतील त्या वर्षी सांगायचं, असं मी ठरवलं. मी निवृत्त होईपर्यंत पटनोंदणीच्या बैठकीला त्यांनी एकदाही रजा घेतली नाही.

सहावा मुद्दा घ्यायचा राहिला आहे.